चुली कुठल्या अंगाला

माझा दीर धाकू हा वाऱ्याचा माणूस. काही लोक देवाचे असतात, काही राजकारणाचे असतात, आमच्या घरात एक वाऱ्याचा निघाला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो एवढासा होता, नाक पुसायला माझा पदर ओढायचा. पण तेव्हाही सकाळी उठला की आधी ओटीवर येऊन उभा राहायचा, मान खाली घालायचा आणि मानेच्या मागच्या बाजूवर वारा घ्यायचा. मग म्हणायचा, "आज मीठ धरंल." माझे सासरे हसायचे. दुपारी मिठागरात खरंच मीठ धरलेलं दिसायचं. असं चार-पाचदा झाल्यावर सासरे हसायचे थांबले आणि विचारायला लागले.

आमचं गाव घोडबंदर रोडच्या खाडीकडल्या अंगाला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर, मध्ये आम्ही आणि आमचं मीठ. मिठाला लागतं काय? खाडीचं पाणी, ऊन आणि वारा. उधाण आलं की बांधातलं लाकडी दार उघडून पाणी आत घ्यायचं आणि एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या उथळ खाचरातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत तापवायचं. ऊन पाणी तापवतं एवढं कुणालाही कळतं. पण वारा नसला तर उठलेली वाफ तिथंच पाण्याच्या डोक्यावर बसून राहते, जेवण झालं तरी न हलणाऱ्या पाहुणीसारखी. वारा तिला हाताला धरून नेतो, तेव्हा कुठं दुसऱ्या वाफेला जागा होते. म्हणून मिठागरातल्या माणसाला बायकोचा मूड एक वेळ नाही कळला तरी चालेल, वारा कळायलाच हवा.

धाकूला दोन्ही कळायचे. त्याची बायको, माझी जाऊ, बिचारी लवकर गेली. मग वारा तेवढा राहिला.

त्यानं मला वारा शिकवला तो स्वयंपाकघरात. मी भाकऱ्या थापत होते. म्हणाला, "वहिनी, वारा काय आपला आपण येत नाय. त्याला ऊन बोलावतं."

"ऊन काय आत्याबाई आहे बोलवायला?"

"ऐका तर. हा तवा आणि हा पाण्याचा टोप एकाच चुलीवर ठेवा. आधी चटका कोण देईल?"

"तवा."

"चूल विझल्यावर आधी गार कोण होईल?"

"तवाच."

"झालं तर मग. जमीन म्हणजे तवा, खाडी म्हणजे टोप. ऊन दोघांवर सारखंच पडतं. पण दुपारपर्यंत जमीन तापून लाल होते आणि खाडी आपली कोमटच. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा रिकामी झाली, की खाडीवरची गार हवा धावत येऊन तिथं बसते. तो खारा वारा. आणि रात्री जमीन गार होते, खाडी कोमट राहते, मग हवा उलटी, डोंगराकडनं खाडीकडं. ती पहाटेपर्यंत चालते. तो मतलई वारा."

मला तो बरेच दिवस मतलबी वारा वाटायचा. रात्रीचं गुपचूप घरातनं निघून जायचं म्हणजे मतलब असणारच. धाकूनं कपाळाला हात लावला होता.

एकदा मिठागरात त्यानं भाताचं तूस मूठभर घेऊन कोंडीतल्या पाण्यावर टाकलं. दुपारचा खारा वारा सुटला होता. तूस सगळं तरंगत डोंगराकडच्या बांधाला जाऊन चिकटलं. मग काठीनं त्यानं तळाचा चिखल हलवला, तर तो गढूळ ढग खालनं उलटा, खाडीकडं सरकायला लागला. "बगा," म्हणाला, "वारा वरचं पाणी ढकलतो. बांध आडवा आला की पाणी खाली दबतं आणि खालनं परत येतं. आणि जे पाणी जास्त खारट झालं ते जड, ते खालीच बसतं." मला तेव्हा घरी जाऊन कालवण टाकायचं होतं, पण मी बघत उभी राहिले. अशी गंमत रोज दिसत नाही.

ही झाली जुनी गोष्ट. पुढे मिठागर बंद पडलं. जमिनी बिल्डरला गेल्या, खाडीच्या बाजूला टॉवर उभे राहिले, आणि ज्या कोंडीत धाकू गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, तिच्या बरोबर डोक्यावर अकराव्या मजल्यावर त्याच्या मुलाला फ्लॅट मिळाला. आम्ही जुन्या गावातच राहिलो, टॉवरच्या पाठीमागे, डोंगराच्या बाजूला. धाकू रोज सकाळी लिफ्टनं खाली उतरायचा आणि माझ्या अंगणात येऊन बसायचा. म्हणायचा, वर सगळं आहे, फक्त माणसं नाहीत.

आणि माणसं त्याला विचारायला यायची. बोंबील कधी वाळत घालू? घराला रंग कधी देऊ? खिडकी कुठल्या भिंतीला पाडू? पोरं त्याला वारामास्तर म्हणायची. तो "चला रे, काय मस्करी करता" म्हणायचा, पण मास्तर म्हटलं की पाय जरा लांब करून बसायचा.

त्याची नात ऋतिका ठाण्याला कॉलेजात भूगोल शिकते. तिनं एकदा त्याला सगळ्या जगाचा वारा सांगितला. म्हणाली, "आजोबा, पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यावर ऊन सरळ डोक्यावर पडतं आणि वर-खाली टोकांना तिरकं. म्हणून मधली हवा तापून वर चढते आणि दोन्ही बाजूंची गार हवा खालनं तिकडे धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न जाता वाकडी होते. तुमचा पावसाळ्याचा वारा पण तोच, फक्त तिथं अख्खा देश तवा आणि अख्खा समुद्र टोप. हे वारे समुद्राला ढकलतात, त्याचे प्रवाह होतात. आणि तिकडे बर्फाजवळचं गार, खारट पाणी जड होऊन तळाला बसतं आणि तळातनंच हळूहळू जगभर सरकतं."

धाकू म्हणाला, "म्हंजे आपलीच कोंडी. मोठी."

"आणि मध्ये आफ्रिकेसारखी जमीन आडवी आली की प्रवाह वळतो."

"मग वळणारच! बांध आडवा आला की पाणी वळतं, हे काय पुस्तकात वाचावं लागतं?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पण मान हलवली. दिराचा मान ठेवायला मला काय पैसे पडतात?

त्याच्या ह्या मानाचीच गोष्ट सांगते आहे.

यंदा वैशाखात माझी नात समीक्षा, म्हणजे माझा मुलगा प्रफुल्ल आणि सून स्वप्ना यांची मुलगी, तिचं लग्न ठरलं. मुलाकडचे टिटवाळ्याचे. लग्न आमच्या दारात, गावच्या मोकळ्या जागेत. प्रफुल्लला हॉल घ्यायचा होता, पण धाकू म्हणाला, "आपल्या पोरीला हॉलमधनं देनार? मांडव घालू. जेवण आपल्या चुलींवर. वालाचं बिरडं गॅसवर करतात का कुठं?" झालं, सगळं गाव त्याच्या बाजूला.

मग आदल्या दिवशी सगळे अंगणात जमले आणि प्रश्न आला, चुली कुठं मांडायच्या. पाच मोठ्या चुली, लाकडाचा धूर, आणि शेजारी पंगतीचा मांडव. आमच्याकडे हे ठरवायचं काम धाकूचं, त्याच्या आधी सासऱ्यांचं. धाकू उठला. मैदानाच्या मध्ये जाऊन उभा राहिला, मान खाली घातली. गावची पोरंसुद्धा मोबाईल खाली करून बघायला लागली.

"डोंगराच्या अंगाला," म्हणाला. "सकाळी मतलई असेल, धूर मांडवात जाईल. जाऊ द्या, तेव्हा मांडवात मच्छरांशिवाय कोन नसेल. अकराला वारा पडेल. पंगत बसायच्या आत खारा सुटेल आणि सगळा धूर डोंगराला नेईल. पाहुण्याच्या डोळ्याला पानी आलं तर माझं नाव बदला."

तेवढ्यात स्वप्ना बोलली. ती कधी चारचौघांत बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याशीसुद्धा मोजून बोलते. पण मुलीचं लग्न होतं, म्हणून बोलली. "काका, टॉवर झाल्यापासून इथं दुपारी वारा उलटा येतो. मी ह्या अंगणात पापड घालते ना, ते खाडीकडे उडतात, डोंगराकडे नाही. चुली खाडीच्या अंगाला घेतल्या तर?"

धाकूनं वळून बघितलं. त्याला राग नाही आला, तेच वाईट झालं. त्याला गंमत वाटली. "सूनबाई," म्हणाला, "वारा पापडाला विचारून येत नाय. त्याला सूर्य पाठवतो."

सगळे खो-खो हसले. माझा चुलत पुतण्या राकेश म्हणाला, "वहिनी, उद्या पापडालाच मुहूर्त विचारू." स्वप्नानं पदर सारखा केला आणि आत गेली. तिच्या मागे दाराला लावलेला पडदा किती वेळ हलत होता. तेव्हाच कुणी बघितलं असतं तर वारा कळला असता.

लग्नाच्या दिवशी पहाटे चुली पेटल्या, डोंगराच्या अंगाला. धाकू नवं धोतर नेसून मैदानातच फिरत होता. सकाळी धूर मांडवात गेला, त्यानं सांगितलं होतं तसाच. स्वप्ना मांडवात पाट मांडत होती, ती खोकत बाहेर आली आणि डोळे पुसून परत आत गेली. उन्हं चढली, वारा पडला. धूर सरळ उभा राहिला, अगदी सोंगट्यांसारखा, पाच चुलींचे पाच. धाकू माझ्याजवळ आला. "बघितलंत वहिनी? आता वळेल. माझी मान सांगते."

इकडे अक्षता पडल्या. टिटवाळ्याचं वऱ्हाड पहिल्या पंगतीला बसलं. मुलाची आजी, कांताबाई, अगदी मधल्या पाटावर. छान गोऱ्यापान, ठेंगण्या, हातात गजरा घेऊन बसलेल्या, कारण डोक्यात माळायला पुरेसे केस राहिले नाहीत असं त्याच मला हसत सांगत होत्या. वडे वाढून झाले, बिरडं आलं, भात आला. आमच्याकडे पाहुणा पहिला घास घेतो तेव्हा यजमान उभा राहून बघतो. आम्ही सगळे ओळीनं उभे होतो. पुढे धाकू.

आणि धूर वळला.

आधी एका चुलीचा वाकला, मग सगळ्यांचा. पण डोंगराकडे नाही. मांडवाकडे. कुणी दोरीनं ओढावा तसा आत शिरला, खालून, पाटांच्या उंचीनं, आणि वर कापडाला अडून तिथंच कोंडला. मी टॉवरकडे बघितलं. अकराव्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्या खाडीकडनं डोंगराकडे उडत होत्या. म्हणजे वर खारा वारा सुटला होता. खाली मात्र उलटं चाललं होतं. पण तेव्हा हा विचार करायला कोण मोकळं होतं? पाहुणे खोकायला लागले. कुणी रुमाल, कुणी पदर. "पाणी मारा चुलींवर!" प्रफुल्ल ओरडला. पोरांनी पाणी मारलं आणि धुराचा दुप्पट लोट उठला.

कांताबाईंना दमा. कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या हातातला गजरा भातात पडला. त्यांना दोघांनी उचलून बाहेर नेलं, पिशवीतला पंप शोधायला त्यांची मुलगी पळाली. त्या उठल्या तसं एकेक जण उठला. सगळी पंगत उठली. भरल्या पानांवरून उठली.

ज्यांना कळत नाही त्यांना वाटेल, जेवण परत वाढता येतं. आलं ना. दीड तासानं वाढलं, चुली विझवून, गार जेवण. अर्धे लोक जेवले, अर्ध्यांनी "नको, ट्रेन आहे" म्हटलं. पण मुलाकडची माणसं घास तोंडाशी नेऊन आमच्या दारात पानावरून उठली, हे आता कुणालाही परत वाढता यायचं नाही. मी कांताबाईंना वारा घालत होते आणि त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. समीक्षा कोपऱ्यात शालू सावरत रडत होती. स्वप्ना मात्र रडली नाही. ती एकेका पानावरचं अन्न उचलून टोपलीत टाकत होती आणि कुणालाही मदतीला येऊ देत नव्हती. त्या दिवशी ती एक शब्द जरी बोलली असती, "मी सांगितलं होतं" एवढंच, तरी सगळ्यांना बरं वाटलं असतं. नाही बोलली.

धाकू कुठं गेला ते कुणी बघितलं नाही. त्याच्या चपला मैदानात राहिल्या.

कांताबाई संध्याकाळपर्यंत डॉक्टरकडून परत आल्या, हसत होत्या, पण आवाज घोगरा होता. मुलीची पाठवणी झाली. आमच्यात लग्नानंतर पाचव्या दिवशी मुलगी सासरच्या माणसांना घेऊन माहेरी जेवायला येते, पाचपरतावन म्हणतात. निघताना कांताबाई म्हणाल्या, "पाचव्या दिवशी येतो हं." त्या चांगल्या मनानं बोलल्या, पण मला ते दुसऱ्यांदा परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं.

धाकू खाली आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावात राकेशनं आणि त्याच्या पोरांनी वारामास्तरचं धूरमास्तर केलं होतं. तोच राकेश, जो त्या दिवशी पापडावर हसला होता. पोरं नाक्यावरनं वर बघून ओरडायची, "काका, आज धूर कुठल्या अंगाला?" वरची खिडकी बंद व्हायची.

शेवटी मीच गेले. लिफ्टची मला अजून भीती वाटते, पण गेले. धाकू बाल्कनीचं दार लावून, पंखाही न लावता, आत बसला होता. वैशाखात! घामानं बनियान चिकटलेलं.

"वाऱ्यानं दगा दिला, वहिनी," म्हणाला. "सत्तर वर्सांत नाय दिला. यंदा सगळं निसर्गाचंच बिघडलंय. पेपरात पन येतं."

"बरं," मी म्हटलं. "पंखा लावू का?"

"नको. वारा नको मना."

ऋतिका आतनं आली. तिला आजोबांची दया येत होती, आणि दया आली की ती शिकवायला लागते. म्हणाली, "आजोबा, वाऱ्यानं दगा नाही दिला. तुम्ही सूर्याचं बरोबर सांगितलं होतं. जमीन तापली, खारा वारा वेळेवर सुटला. या, दाखवते."

तिनं बाल्कनीचं दार उघडलं. खाडीकडनं असा वारा आत आला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. खाली रस्त्याकडेच्या शेवरीची बोंडं फुटली होती, तिनं त्याचा कापूस पिशवीभर आणून ठेवला होता. मागच्या बाल्कनीत, आमच्या गावाच्या बाजूला, गेलो आम्ही तिघं. तिनं चिमूटभर कापूस सोडला. आधी तो टॉवरवरनं येणाऱ्या वाऱ्याबरोबर पुढे गेला, गावावरनं, डोंगराकडे. धाकूचा चेहरा जरा उजळला. मग कापूस खाली उतरायला लागला, पार आमच्या घराच्या पलीकडे, आणि तिथं खाली गेल्यावर वळला. जमिनीलगत, आमच्या अंगणातनं, मैदानातनं, सरळ परत टॉवरच्या पायाशी आला.

ऋतिका म्हणाली, "वारा टॉवरवर आपटतो, वरनं आणि बाजूनं निघून जातो, आणि मागे खाली जी जागा राहते तिथं गोल फिरून उलटा येतो. ओढ्यात दगडामागे पाणी फिरतं ना, तसं. म्हणजे तुमची काही चूक नाही, आजोबा. टॉवर मध्ये आला."

पोरीला वाटलं, आता आजोबा मोकळे होतील. मलाही वाटलं. धाकू रेलिंगला धरून खाली वाकला. त्यानं स्वतः कापूस मागून घेतला आणि परत सोडला. परत सोडला. प्रत्येक वेळी तो पुढे जायचा आणि वळून मागे यायचा.

मग तो तिथंच खाली बसला, फरशीवर.

"बांध आडवा आला की वळतं," म्हणाला. "हे मना ठाऊक होतं गं. मीच तुला सांगितलेलं."

"हो, पण..."

"टॉवर काय काल झाला? मी त्याच्यातच राहतो." त्याचा आवाज बारीक झाला. "आतापर्यंत वाटत होतं, वारा चुकला. सूर्य चुकला. आता कळलं, दोघं बरोबर होते. वाऱ्यानं काय करायचं ते केलं. सूनबाईनं काय बघितलं ते सांगितलं. मग चुकलं कोन, वहिनी? एकच मानूस उरतो."

दगा झाला म्हणत होता तेव्हा त्याच्याजवळ निदान राग होता, रागानं माणूस ताठ बसतो. तो राग आता ह्या पोरीनं कापसाबरोबर उडवून दिला. उरली नुसती शरम. मिठागरातल्या उन्हानं काळी झालेली ती मान, तिच्यावर सगळ्या गावानं विश्वास ठेवलेला, ती पार गुडघ्यात गेली होती.

"चुकीचं काय नाय एवढं," शेवटी म्हणाला. "चूक मिठागरातही व्हायची. पन मी सूनबाईला हसलो. चारचौघांत. पोरीच्या लग्नात, आईला."

"मग सांग तिला तसं."

"सुनेला?" त्यानं वर बघितलं. आमच्याकडे चुलतसासऱ्यानं सुनेची माफी मागायची रीत नाही. काही वंगाळ बोलून गेलं तर दुसऱ्या दिवशी सासरा मासळी आणून गुपचूप ओट्यावर ठेवतो आणि सुनेनं समजून घ्यायचं. मला स्वतःला असे किती पापलेट मिळाले आहेत.

"मासळी आणू नको," मी म्हटलं. "चारचौघांत हसवलंस, तर चारचौघांतच बोल. नाहीतर बसून राहा वर."

मी खाली आले. तो येईल असं मला वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तो न आला तर बरं, असंही एका मनाला वाटत होतं. परत त्याच दारात, त्याच माणसांसमोर तो दिसला की सगळ्यांना ते धुराचं आठवणार.

पाचव्या दिवशी टिटवाळ्याची पंधरा-वीस माणसं आली. समीक्षा हिरव्या साडीत, चार दिवसांत मोठी झालेली. कांताबाई पुढे. या वेळी त्यांच्या लेकीच्या हातात पंप आधीच उघडा होता. तो बघून माझी मान खाली गेली.

सगळे ओटीवर बसले होते, पाणी दिलं होतं, आणि मैदानातनं धाकू येताना दिसला. अनवाणी. त्याच्या चपला आम्ही उचलून ठेवल्या होत्या, त्या मागायला तो आला नव्हता. राकेश कुजबुजला, "आले, धूर..." मी त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं त्यानं गिळलं.

धाकू पाहुण्यांना नमस्कार करून सरळ दारात गेला. स्वप्ना ताटं घेऊन बाहेर येत होती. हा समोर उभा, ती थांबली.

"सूनबाई," म्हणाला, "चुली कुठल्या अंगाला मांडल्या?"

"चुली नाही मांडल्या, काका. आत गॅसवर केलंय." तिचा आवाज साधाच होता. पण त्याचं बोलणं तिथंच संपलं. तो काहीतरी ठरवून आला होता, तिला विचारायचं, तिच्या शब्दानं चुली हलवायच्या, आणि हलवायला चुलीच नव्हत्या. तो हात कुठं ठेवावा ते न कळून उभा राहिला. मला वाटलं, आता वळतो आणि जातो.

त्यानं हात जोडले. "त्या दिवशी हिनं मना बरोबर सांगितलं होतं," तो पाहुण्यांकडे तोंड करून म्हणाला, अडखळत. "वारा उलटा येतो म्हनाली. मी हिला हसलो. सगळ्यांना हसवलं. तुमी पानावरनं उठलात ते माझ्यामुळं, ह्यांच्या घरामुळं नाय. सूनबाई, माझं चुकलं."

स्वप्ना इतकी लाजली की तिनं हातातली ताटं छातीशी धरली. "काका, आधी हात खाली घ्या," ती घाईनं म्हणाली. "पाहुणे बघतायत." आणि तिचेच डोळे भरले. तिला हे हवं होतं की नव्हतं, मला नाही सांगता येणार. इतक्या वर्षांत तिच्यासमोर कुणी हात जोडले नव्हते, त्याची सवय नसते. तिनं वाट सोडून त्याला आत घेतलं आणि म्हणाली, "बसा पंगतीला." तो म्हणाला, "मागच्या पंगतीला बसतो." ती म्हणाली, "मागची पंगत नाहीच आहे, जेवण मोजून केलंय. बसा."

म्हणून बसला. कांताबाईंच्या शेजारीच पाट रिकामा होता, दुसरीकडे जागा नव्हती. पहिले दोन-तीन घास त्यानं मान वर न करता खाल्ले. वाढणारी आली की हात आडवा करायचा, बिरडंसुद्धा परत मागितलं नाही. ज्यानं गावभर बिरड्याची एवढी वकिली केली तो!

कांताबाईंनी त्याला बोलतं करायचं म्हणून विचारलं. खरंच चांगली बाई. "धाकूदादा, तुम्हाला वाऱ्याचं कळतं म्हणतात. आमच्या टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगी झाल्या, तेव्हापासून आमच्या गच्चीवर कुरडया वाळतच नाहीत. आधी दोन दिवसांत कडकडीत व्हायच्या. काय झालं असेल हो?"

सगळ्यांचे हात थांबले. असा प्रश्न म्हणजे धाकूला जन्मभर मिळालेला सगळ्यात आवडता प्रश्न. एरवी तवा आला असता, टोप आला असता, सूर्य आला असता, वाढलेला भात गार झाला असता. राकेशसुद्धा कान टवकारून बसला. स्वप्ना भाताचं पातेलं घेऊन त्याच्या पुढ्यात वाकली होती, तिचा डावही तसाच वर राहिला.

धाकूनं हातातला घास पानात ठेवला.

"मना नाय सांगता येणार, ताई," तो म्हणाला. "टिटवाळ्याला मी कधी राहिलो नाय. तुमच्या शेजारच्या गच्चीत ज्या बाया वाळवण घालतात, त्यांना विचारा."

हे तो पानाकडे बघूनच म्हणाला. मग त्यानं घास उचलला, आणि स्वप्नानं भात वाढला तेव्हा या वेळी हात आडवा केला नाही.